तोफेच्या मागे कोण उभे होते?

१/ घणाघाती वक्त्याला मराठीत ‘मुलूखमैदान तोफ’ म्हणतात. ती खरी तोफ आज विजापूरच्या शेरझा बुरुजावर आहे. पण ती ओतली गेली आमच्या नगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, १५४९ साली, बुऱ्हाण निजामशाहाच्या कारकिर्दीत. तिच्या तोंडाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. हा धागा तिच्या पाठीविषयी आहे.

२/ आधी ओळख. ओतणारा मुहम्मद बिन हुसेन रूमी. त्याचे नाव तोफेवरच कोरलेले आहे. लांबी सुमारे ४.४ मीटर, बाहेरचा व्यास सुमारे दीड मीटर, नळीचे तोंड सुमारे ७० सेंटिमीटर, वजन सुमारे ५५ टन. तोंडाचा आकार हत्तीला दाढेत धरलेल्या श्वापदाचा. १६८६ मध्ये विजापूर पडल्यावर औरंगजेबानेही तिच्यावर आपला विजयलेख कोरविला.

३/ या तोफेवर आपल्यासारख्या इतिहासवेड्यांत एकच वाद पुनःपुन्हा रंगतो: गोळा किती लांब जात असे? मला दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. गोळा पुढे जाताना तोफ मागे रेटली जाते. तो धक्का कोणी सोसला?

४/ थोडे गणित करू. समजा, ४०० किलोचा दगडी गोळा सेकंदाला २५० मीटर वेगाने सुटला. दारूच्या वायूंचा वाटा सोडून दिला तरी ५५ टनांची तोफ सेकंदाला सुमारे १.८ मीटर वेगाने मागे सरकू पाहील. हा भरभर चालणाऱ्या माणसाचा वेग झाला. तोच गोळा साडेपाच टनांच्या तोफेतून सुटला, तर ती ताशी ६५ किलोमीटरने मागे येईल.

५/ म्हणजे ५५ टन हा केवळ सुलतानी डामडौल नव्हे. धातूचे वजन हाच धक्क्यावरचा पहिला उपाय होता. मात्र त्याची किंमत इतरांनी मोजली. १६३२ मध्ये मुरार जगदेवाने ही तोफ परंड्याहून विजापुरास नेली. त्या कामी हत्ती, शेकडो बैल आणि शेकडो माणसे जुंपली होती, असे सांगतात. गोळा सुटताना जो भार गोलंदाजाला वाचवणार होता, तो वाटेवर बैलांच्या मानेवर आला.

६/ दुसरा उपाय दगडाचा. दख्खनच्या बुरुजांवर, विशेषतः सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धानंतर, एक रचना दिसू लागते: मध्यभागी तोफ फिरविण्याचा खुंट, भोवती वर्तुळाकार जोते आणि मागे भक्कम वळणदार भिंत. ती भिंत आडोशासाठी बांधलेली नाही. तोफेचा धक्का बुरुजाच्या पोटात उतरविणे हे तिचे काम.

७/ तिसरा उपाय धक्काच लहान ठेवण्याचा. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत हुसेन निजामशाहाचा तोफखाना चलबी रूमी खानाच्या हाती होता. फिरिश्ता त्यात ६०० तोफा तीन रांगांत मांडतो: पुढे अवजड, मध्ये मध्यम, मागे जंबुरक. जंबुरक उंटाच्या पाठीवरूनही डागता येई, इतकी ती हलकी. तिचा धक्का उंट सोसत असे.

८/ पण हे तिन्ही उपाय अपुरे होते. गाड्यावरची तोफ प्रत्येक बाराला मागे सरके. ती पुन्हा जागेवर ढकलायची, पुन्हा नेम धरायचा. शिवाय आवाजाचा आघात निराळाच. मुलूखमैदानाला बत्ती देऊन गोलंदाज पाण्यात बुडी मारीत, अशी आख्यायिका विजापुरात ऐकायला मिळते. ती खरी असो वा नसो, तोफेमागच्या माणसाची लोकांना आठवण आहे, एवढे तिच्यातून कळते.

९/ शेरझा बुरुजावर मी पोहोचलो तेव्हा सगळी गर्दी त्या जबड्यापाशी छायाचित्रे काढीत होती. मागच्या बाजूला कोणीही नव्हते. पराक्रमाच्या कथांचेही असेच होते: बत्ती देणाऱ्याचे नाव कोठेही कोरलेले नसते.

१०/ खरा पालट १८९७ मध्ये झाला. फ्रेंचांच्या ७५ मिलिमीटर तोफेत फक्त नळी मागे जाई. तेल आणि दाबलेली हवा तिला थोपवीत व पुन्हा पुढे आणीत. गाडा जागचा हलत नसे. पुन्हा नेम धरण्याची गरज उरली नाही आणि मिनिटाला पंधराच्या आसपास गोळे सुटू लागले. धक्का नाहीसा झाला नव्हता. तो थोड्या अधिक वेळात वाटला गेला होता.

११/ हेच तत्त्व आज मुठीएवढ्या जागेत सापडते. एआर-१५ घराण्याच्या अर्धस्वयंचलित रायफलीत बोल्टच्या मागे, दस्त्यातल्या नळीत, स्प्रिंग आणि ‘बफर’ असतो. बार झाला की बोल्ट बफरला रेटीत मागे येतो, रिकामे काडतूस फेकतो आणि परतताना नवे चढवितो. खांद्याला पहिला धक्का गोळीचा बसतो, दुसरा बोल्ट मागे आदळल्याचा.

१२/ आखूड रायफलीचा साधा बफर सुमारे ८५ ग्रॅमचा. त्यातली पोलादी वजने काढून त्याच मापाची टंगस्टनची घातली की तो १५० ग्रॅमच्या आसपास जातो. जड बफराने बोल्ट सावकाश येतो, दुसरा धक्का सौम्य होतो. फार जड झाला तर बोल्ट पुरेसा मागे जात नाही आणि काडतूस अडकते. फार हलका असला तर बोल्ट जोराने आदळतो, भाग झिजतात. आतली वजने किंचित सैल ठेवतात. बोल्ट पुढे बसल्यावर ती क्षणभर उशिरा येऊन त्याची उसळी मारतात.

१३/ म्हणून निवडीची कसोटी सोपी: कमजोर काडतुसावरही रायफल अडखळू नये, इतकेच वजन. नगरला ५५ टनांत सोडविलेला प्रश्न येथे काही ग्रॅमांवर येतो. भारतीय सैन्याने २०१९ मध्ये ७२,४०० सिग ७१६ रायफली मागविल्या. त्यांच्याही दस्त्यात बफर आहे.

१४/ आणि नगर? येथील रणगाडा संग्रहालय १९९४ पासून उभे आहे. येथीलच वाहन संशोधन व विकास आस्थापनेने, व्हीआरडीईने, १५५ मिलिमीटरची तोफ आठ चाकी वाहनावर बसविली. सगळे मिळून वजन सुमारे ३० टन, म्हणजे मुलूखमैदानाच्या निम्म्याहून थोडे जास्त, आणि ती स्वतः धावते. डागण्यापूर्वी ती आपले पाय जमिनीवर टेकते. धक्क्याचा उरलेला वाटा मातीत जातो.

१५/ धक्का टाळता येत नाही, तो कोणाकडे तरी सोपवावा लागतो: धातूकडे, भिंतीकडे, उंटाकडे, तेलाकडे, मातीकडे. शस्त्रांची प्रगती पाहायची तर माणसाच्या वाट्याला त्यातले किती आले, ते पाहावे. पुढच्या वेळी गडावर तोफ दिसली की तोंडापाशी छायाचित्र जरूर काढा. मग वळसा घालून मागे जा आणि जमिनीवर खुंट, जोते, भिंत काही उरले आहे का ते शोधा. सापडले तर याच धाग्याखाली छायाचित्र टाका, गडाच्या नावासह.