आकाशांतील पाळी

विमान कोणाच्या छपरावरून जावें, हें त्या छपराखालच्या माणसास विचारण्याची रीत विलायतेंत आहे. २०१८ च्या प्रारंभीं लंडनच्या हीथ्रो विमानतळानें तिसऱ्या धांवपट्टीच्या योजनेबरोबर हवाईमार्गांविषयींही लोकमत मागविलें. त्या वेळीं आम्ही जवळच हाऊन्स्लो येथें चिरंजीवांच्या बिऱ्हाडीं होतों.

प्रश्न वरवर यंत्रविद्येचा, मुळांत धर्मशास्त्राचा. पूर्वीं विमानें थोडीं विखरून जात. आतां उपग्रहांच्या साह्यानें तीं एकाच अरुंद रेषेवरून नेतां येतात. मग ती रेषा आंखावयाची कोठें? पर्याय तीन होते: एकूण कमींत कमी लोकांवरून विमानें न्यावीं, किंवा ज्यांस आजवर उपद्रव नाहीं त्यांस तो नव्यानें लावूं नये, किंवा सर्वांनीं तो वांटून घ्यावा.

पहिला पर्याय हिशेबास मोठा गोजिरा दिसतो. परंतु एकत्र कुटुंबांत वाढलेल्यास त्याचा अर्थ तत्काळ उमगतो. घरांत बारा माणसें. पाणी एकाच सुनेनें भरलें तर अकरांचे खांदे मोकळे, आणि बेरीज उत्तम! दुसऱ्यांत, आजवर जिनें भरलें तिनेंच पुढेंही भरावें. (कर्ज काढून शांत जागीं घर घेतलेल्याचें गाऱ्हाणें मात्र अगदींच टाकाऊ नव्हे.) आम्ही पाळीच्या पक्षाचे.

तथापि पाळीनें हाऊन्स्लोचें दुःख कितीसें हलकें होणार? उतरणाऱ्या विमानास शेवटचे कांहीं मैल धांवपट्टीच्या सरळ रेषेंतच यावें लागतें. तेथील खरा दिलासा निराळाच आहे. वारा पश्चिमेचा असला कीं दुपारीं ३ वाजतां उतरण्याची धांवपट्टी बदलतात. एका आठवड्यांत सकाळ शांत, तर पुढच्यांत दुपार. सूनबाई त्या वेळापत्रकावरून नातवास निजवीत असे. ठरलेल्या वेळीं थांबणारा त्रास माणूस सोसतो, हें आम्ही तेथें पाहिलें.

विमानतळच नको, असें मात्र आम्हांस लिहवेना. शेजारच्या कित्येक चुली त्याच्यावर पेटतात, आणि आम्हीही त्याच छपरांवरून उतरलों होतों. पाळी असावी, ती आधीं जाहीर व्हावी, व रात्रीच्या विमानांसाठीं ती मोडूं नये, एवढें आम्ही सूनबाईकडून लिहविलें. चिरंजीव गणिताचे, त्यांनीं पहिल्या पर्यायाच्या बाजूनें आपलें मत निराळें पाठविलें.