पैसे गेले खंय?

आपल्या होस्टेलवर दोन प्रकारचे लोक राहतात. एक, ज्यांना कुठलंही काम सांगितलं की "बघतो" म्हणतात. दुसरे, जे "त्यात काय आहे, दोन दिवसांचं काम!" म्हणतात. मी दुसऱ्या प्रकारातला. आणि सांगायला वाईट वाटतं, पण पहिल्या प्रकारातल्या लोकांमुळे आजवर कोणाचंही नुकसान झालेलं नाही.

तर झालं असं. आमचं घर कुडाळजवळ. आई आणि आजूबाजूच्या दहा जणी मिळून एक बचत गट चालवतात. कोकम आगळ, आंबापोळी, फणसपोळी, कुळथाचं पीठ आणि मालवणी मसाला. माल झकास, पण गिऱ्हाईक तालुक्यापुरतं. २०२३ च्या मार्चमध्ये सुट्टीला गेलो असताना आईने सहज विचारलं, "मुंबई-पुण्याची माणसं मोबाइलवरून मागवतात म्हणे. आपलं ठेवता येईल का रे?" मी आंबापोळीचा तुकडा तोंडात टाकत म्हणालो, "त्यात काय आहे, दोन दिवसांचं काम!"

वेबसाइट खरंच दोन दिवसांत झाली. फोटो काढले, किमती टाकल्या, 'कार्टमध्ये टाका' असं बटण केलं. खरा प्रश्न त्या बटणाच्या पुढचा होता. पैसे घ्यायचे कसे?

त्यासाठी पेमेंट गेटवे लागतो. गिऱ्हाइकाची बँक, आपली बँक आणि आपली वेबसाइट यांच्यामध्ये बसलेला हा मुनीम. कार्डाचा नंबर, ओटीपी, यूपीआय हे सगळं तो त्याच्या पानावर बघतो. आपल्या सर्व्हरला कार्डाचा नंबर दिसतही नाही, आणि दिसू नये हेच बरं. तो आपल्याला फक्त "पैसे आले" किंवा "नाही आले" एवढंच कळवतो.

पण मुनीम ठेवण्याआधी तो आपलीच चौकशी करतो. पॅन, बँक खातं, व्यवसायाचा पुरावा. शिवाय वेबसाइटवर पत्ता, फोन नंबर, अटी, गोपनीयता धोरण आणि माल परत करण्याचं धोरण ही पानं असलीच पाहिजेत. आणि इथेच पहिली अडचण आली. बचत गट म्हणजे काही नोंदणी केलेली कंपनी नव्हे. गेटवेने विचारलं, व्यापारी कोण? शेवटी आईच्या नावाने उद्यम नोंदणी केली, एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर आणला आणि आईच्या नावावर चालू खातं उघडलं. म्हणजे पैसे अकरा जणींचे, आणि जमा होणार एकीच्या नावावर.

मला हे फारच किरकोळ वाटलं होतं. आईला नाही. तिने गटाची बैठक घेतली, रजिस्टरमध्ये ठराव लिहिला आणि अकराही जणींच्या सह्या घेतल्या. दर आठवड्याला खात्यात किती आले ते सगळ्यांसमोर वाचून दाखवायचं असं ठरलं. शेजारच्या काकींनी विचारलं, "पाचशेचा माल गेला तर पाचशेच येणार ना?" मी म्हटलं, नाही. आमच्या गेटवेचा दर दोन टक्के आणि त्या शुल्कावर अठरा टक्के जीएसटी. म्हणजे ५०० वर १० रुपये अधिक १ रुपया ८० पैसे. हातात ४८८ रुपये २० पैसे, आणि तेसुद्धा दोन कामकाजी दिवसांनी. काकी म्हणाल्या, "एसटीच्या पार्सलवाल्यापेक्षा स्वस्त आहे." ठराव मंजूर!

मी होस्टेलवर परतलो आणि टेस्ट मोडमध्ये काम सुरू केलं. टेस्ट मोडमध्ये खोट्या कार्डाने खोटे पैसे भरता येतात. माझ्या मेकॅनिकलच्या रूम पार्टनरने पहिल्याच रात्री साडेतीन रुपयांत कोकम आगळची बाटली विकत घेतली. कारण गेटवेला रक्कम पैशांत द्यायची असते. ३५० रुपये म्हणजे ३५०००. मी ३५० लिहिलं होतं. तो पठ्ठ्या अजून ती बाटली मागतो.

बाकी सगळं मला छान जमलं असं वाटत होतं. आपला सर्व्हर गेटवेकडे ऑर्डर तयार करतो, गेटवे त्या ऑर्डरचा नंबर देतो, गिऱ्हाईक पैसे भरतं, आणि मग ब्राउझरमार्फत पेमेंटचा नंबर आणि एक सही परत येते. ती सही आपल्याकडच्या गुप्त किल्लीने पडताळायची. जुळली तर ऑर्डरवर 'पेड' लिहायचं. मी सही पडताळत होतो, किल्ली सर्व्हरवरच ठेवली होती. स्वतःची पाठ थोपटून घेतली आणि एप्रिलच्या अखेरीस साइट लाइव्ह केली.

गेटवेच्या माहितीपुस्तकात पुढे आणखी एक प्रकरण होतं. वेबहुक. म्हणजे ब्राउझरवर विसंबून न राहता गेटवेचा सर्व्हर थेट आपल्या सर्व्हरला निरोप देतो. मी ते वाचलं आणि 'नंतर बघू' म्हणून सोडलं. वेबहुक तपासायला आपला लॅपटॉप बाहेरून दिसावा लागतो आणि होस्टेलच्या नेटवर्कवर ते सरळ होत नव्हतं. पेपरही तोंडावर आले होते.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आईचा फोन आला. डोंबिवलीच्या एका निवृत्त मास्तरांनी ६४० रुपयांचा माल मागवला होता. यूपीआयने पैसे भरले, खात्यातून कापले गेले, पण साइटवर ऑर्डर दिसेना. म्हणून त्यांनी परत भरले. दुसऱ्या वेळी ऑर्डर लागली. साइटवर दिलेला फोन नंबर आईचा, त्यामुळे त्यांनी तिलाच विचारलं होतं, पहिल्या ६४० चं काय?

मी त्यांना फोन लावला आणि अगदी बँक मॅनेजरच्या आवाजात समजावलं. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे, खात्यातून पैसे कापले गेले आणि दुकानदाराकडे व्यवहाराची पुष्टी पोहोचली नाही, तर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. उशीर झाला तर बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची. "काका, निर्धास्त राहा." ते म्हणाले, "बरं बाळ. तू सांगतोस तर थांबतो."

नियम खरा होता. पण तो इथे लागू होतो का, हे मी बघितलंच नव्हतं. गेटवेचा डॅशबोर्ड उघडायला एक मिनिट लागलं असतं. मी तो उघडला नाही, कारण चूक बँकेची असणार याची मला खात्री होती.

सहाव्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. आवाजात राग नव्हता. "बाळ, पाच दिवस झाले. मी बँकेत जाऊन आलो. ते म्हणतात पैसे तुमच्याकडेच पोहोचलेत." त्या उन्हात सत्तरीचा माणूस माझ्या शब्दावर बँकेत जाऊन रांगेत उभा राहिला होता.

मी काही बोलायच्या आत त्याच दुपारी आईचा फोन. गटाच्या बैठकीत वाचायला म्हणून ती हिशोब मांडून बसली होती. आमच्या गटाच्या रजिस्टरची पद्धत जुनी आहे. प्रत्येक रक्कम दोन ठिकाणी लिहायची, एकदा गटाच्या वहीत आणि एकदा सभासदाच्या पासबुकात, आणि दोन्ही जुळल्याशिवाय बैठक उठवायची नाही. तिने तीच पद्धत इथे लावली. एका बाजूला पाठवलेल्या पार्सलांच्या पावत्या, दुसऱ्या बाजूला बँकेचं पासबुक. गेलेला माल ४१२० रुपयांचा. शुल्क वजा जाता यायला हवे होते ४०२२ रुपये ७७ पैसे. आले होते ५४६७ रुपये ८४ पैसे. म्हणजे १४४५ रुपये जास्त!

मी म्हटलं, "अगं, जास्तच आलेत ना, कमी तर नाहीत?"

पलीकडे क्षणभर शांतता. मग आई चिडली की जी भाषा बोलते ती सुरू झाली. "माका तुझा गेटवे-बिटवे काय कळत नाय. येवढाच सांग, त्या माणसांचे पैसे गेले खंय? कोणाचे ते? ता आधी बघ."

मी डॅशबोर्ड उघडला. ६४०, ३५०, ४९०. तीन पेमेंट यशस्वी, पैसे आमच्या खात्यात, आणि माझ्या डेटाबेसमध्ये तिन्ही ऑर्डर 'अनपेड'. बँकेची चूक नव्हती. गेटवेची नव्हती. माझी होती. मोबाइलवर यूपीआयने पैसे भरताना माणूस ब्राउझरमधून यूपीआयच्या ॲपमध्ये जातो. तिथे हिरवी खूण दिसली की त्याच्या दृष्टीने काम संपलं. तो परत ब्राउझरमध्ये आला नाही, किंवा जुन्या फोनने मेमरी कमी म्हणून मागचं पान बंद करून टाकलं, तर ती सही माझ्याकडे येणारच कशी? निरोप आणायचं काम मी गिऱ्हाइकावर टाकलं होतं. आणि पैसे आमच्याकडे पोहोचले होते, त्यामुळे ते आपोआप परत जाण्याचा प्रश्नच नव्हता. मास्तर पाच दिवस काय, पाच महिने थांबले असते तरी!

बाकीच्या दोघांना फोन केले. एका ताईंना वाटलं होतं की साइटच फसवी आहे, ३५० रुपये गेले ते गेले. दुसऱ्या गृहस्थांच्या हे लक्षातही आलं नव्हतं. दोघांनीही तक्रार केली नव्हती. आईने वही मांडली नसती, तर ते पैसे गुपचूप आमच्याकडे राहिले असते आणि आम्ही चोर आहोत हे आम्हालाही कळलं नसतं.

त्या रात्री वेबहुक लिहिला. पहाटे चार वाजता विजयी मुद्रेने चहा प्यायलो. चार दिवसांनी आईचा फोन. "एकाच बाईला दोन पार्सलं गेली." वेबहुकचा नियम असा की निरोप मिळाला की ठरावीक सेकंदांत "मिळाला" म्हणून उत्तर द्यायचं. मी आधी ऑर्डर लिहायचो, मग आईला ईमेल पाठवायचो आणि मग उत्तर द्यायचो. फुकटच्या सर्व्हरवर ईमेल जायला वेळ लागला, गेटवेला वाटलं निरोप पोहोचला नाही, त्याने परत पाठवला. मी परत ऑर्डर लिहिली. उपाय दोन ओळींचा होता. उत्तर आधी द्यायचं, ईमेल नंतर. आणि डेटाबेसमध्ये पेमेंटचा नंबर 'युनिक' करायचा, म्हणजे तोच निरोप दहा वेळा आला तरी नोंद एकच.

गंमत म्हणजे डीबीएमएसच्या पेपरात 'ॲटॉमिसिटी उदाहरणासह स्पष्ट करा' या प्रश्नाला मी एका खात्यातून पैसे वजा होतात पण दुसऱ्यात जमा होत नाहीत, हेच उदाहरण लिहिलं होतं. उत्तर बरोबर होतं. त्याच महिन्यात ते उदाहरण डोंबिवलीत राहत होतं आणि मला "बाळ" म्हणत होतं.

मास्तरांना रिफंड केला आणि फोनवर खरं काय ते सांगितलं. चूक बँकेची नव्हती, माझी होती, आणि न बघताच मी तुम्हाला पाच दिवस थांबायला लावलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सापडली ना चूक? मग एक रेघ मारायची आणि खाली बरोबर लिहायचं. खाडाखोड करायची नाही."

रिफंड केला तरी मूळ व्यवहाराचं शुल्क आमच्या गेटवेने परत दिलं नाही. ६४० वर १५ रुपये १० पैसे. पुढच्या बैठकीत ती रक्कम कोणाच्या नावावर टाकायची असा प्रश्न निघाला. काकी म्हणाल्या, राहू दे, पोराने फुकट काम केलंय. आईने ऐकलं नाही. रजिस्टरमध्ये माझ्या नावाचं नवं पान उघडलं आणि येणे बाकी म्हणून १५ रुपये १० पैसे लिहिले. खाली दुसऱ्या पार्सलाची किंमत आणि पोस्टेज.

दिवाळीत घरी गेल्यावर ते मी रोख भरले आणि सही केली. तेव्हापासून रोज रात्री एक वाजता एक छोटा प्रोग्राम गेटवेची यादी आणि आमच्या ऑर्डरी शेजारी शेजारी ठेवून जुळवतो. फरक दिसला की मला मेसेज येतो. त्या प्रोग्रामचं नाव मी 'वही' ठेवलंय.

तेव्हा ज्युनियर मित्रांनो, तुम्हीही कधीतरी कोणासाठी तरी पेमेंट गेटवे लावणारच आहात. वेबहुक पहिल्या दिवशी लिहा. त्याचीही सही पडताळा. तोच निरोप दोनदा येणार हे धरून चाला. गुप्त किल्ली चुकूनही कोडबरोबर इंटरनेटवर टाकू नका. आणि कोणी "माझे पैसे गेले" म्हणालं तर त्याला नियम ऐकवण्याआधी डॅशबोर्ड उघडा. एक मिनिट लागतं.

आणि हो, आता मला कोणी काम सांगितलं तर मी "बघतो" म्हणतो. आणि खरंच बघतो.