शाळेपासून तीन किलोमीटर

बी.एड.ला कोठारी आयोगावर हमखास प्रश्न यायचा. १९६४-६६ च्या त्या आयोगाने 'शेजारशाळा' सुचवली होती : वस्तीतली सगळी मुलं, गरिबाची असोत की श्रीमंताची, जवळच्या एकाच शाळेत जावीत. आम्ही दोघांनीही ते उत्तर पाठ केलेलं. पुढं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शेजारची शाळा आली, नियमांत सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरची मर्यादा आली. शाळा घराजवळ असावी, एवढं सरकारनं लिहून ठेवलं. घर शाळेजवळ मिळावं, असं कुठं लिहिलेलं नाही.

आम्ही उर्दू माध्यमाचे शिक्षक. शाळा तुर्भ्याच्या बाजूला, बिऱ्हाड मुंब्र्यात. लेक पाचवी पास झाली, सहावीला आमच्याच शाळेत यायची होती. मुंब्र्याहून ठाणे, तिथं गाडी बदलून तुर्भे. आम्ही त्याला सरावलो होतो. अकरा वर्षांच्या पोरीला त्या गर्दीत रोज रेटायचं, हे जिवावर यायचं.

मग सानपाडा, जुईनगर, कोपरखैरणे पालथं घातलं. आमची मराठी रायगडची, त्यामुळे फोनवर एजंट खूश. "सर, वन बीएचके आहे, पाणी चोवीस तास." नाव सांगितलं की आवाज बदलायचा. "मला काही नाही हो, सोसायटीचा प्रॉब्लेम आहे." सोसायटी म्हणे मालकाची इच्छा, मालक म्हणे सोसायटीला विचारा. सगळे इतकं गोड बोलायचे की भांडायचं कुणाशी? एका सेक्रेटरींनी तर चहा पाजला, आमच्या मराठीचं कौतुक केलं आणि म्हणाले, "तळोज्याला बघा ना, तिकडं तुमचे पुष्कळ आहेत." तळोज्याहून तुर्भे किती लांब, हे त्यांना ठाऊक नसेल असं नाही.

या शहराची कल्पना चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल, प्रवीणा मेहता यांनी मांडली आणि १९७० साली सिडको स्थापन झाली. सेक्टर आखले गेले. शाळा, बाजार, मैदान हाताशी असावं असा विचार होता. सिडकोच्या घरांची सोडत निघे, शेजारी कोण येणार ते चिठ्ठी ठरवी. भाड्याच्या घराचं तसं नाही.

घर शेवटी मिळालं ते गावठाणाच्या कडेला, एका आगरी मावशींच्या इमारतीत. त्यांनी नाव विचारलं, गाव विचारलं, "मावरं खाता ना?" म्हणाल्या आणि पाण्याची वेळ सांगितली. याच लोकांच्या भातशेतीवर नवी मुंबई बसली. जमिनीच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये उरण परिसरात आंदोलन पेटलं, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. पुढं साडेबारा टक्के भूखंडाची योजना आली. आणि कुटुंबं वाढली तशी गरजेपोटी बांधलेली त्यांची घरं कागदावर अनधिकृत ठरत आली. मावशींच्या इमारतीचंही तेच. ज्या सोसायट्यांचे कागद चोख होते तिथं आम्हाला जागा नव्हती.

लेक आता बारा मिनिटांत चालत शाळेत पोचते, मधल्या सुट्टीत घरी येऊन जेवते. करार अकरा महिन्यांचा, मेमध्ये संपेल. मावशी वर आणखी एक मजला चढवायच्या बेतात आहेत. महापालिकेची नोटीस त्याआधी येते की नंतर, इकडं आमचंही लक्ष आहे.