येरवड्याची वाट

भोसरीत आणि पुढे चाकणला कामगार कल्याण अधिकारी म्हणून मी जी वर्षे काढली, त्यांत माझी अशी खात्री झाली की, मद्यपाशातून सुटू पाहणाऱ्या कामगाराची खरी अडवणूक रस्त्यावर होते. डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली येरवड्यास सुरू केलेले ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र आमच्याकडील कुटुंबांचे आशास्थान. आळंदी, दिघी, विश्रांतवाडी या मार्गाने ते चाकणहून फार दूर नाही. परंतु मद्यप्याचा निश्चय पहाटे जागा होतो आणि उन्हे चढू लागली की क्षीण होतो, त्यामुळे तेवढ्या अवधीत जितके जाता येईल तितकीच त्याची धाव.

वेल्डिंग खात्यातील एक कंत्राटी कामगार रात्रपाळी संपवून पत्नीसह माझ्यासमोर उभा राहिला तो प्रसंग विसरता येत नाही. चहाचा पेला दोन्ही हातांनी धरूनही चहा हिंदकळत होता. “साहेब, आज नेलंत तर येतो, उद्याचं माझ्या हातात नाही,” एवढेच तो म्हणाला. कंपनीची बस फाटकाशी उभी होती. पण ती कायम कामगारांसाठी, शिवाय तिचा मार्ग मंजूर झालेला, सबब परवानगी मिळाली नाही. सिक्स सीटरमध्ये दाटीवाटीने बसून आळंदी फाटा, तिथे उन्हात पीएमपीच्या बसची प्रतीक्षा. घामाने निथळत तो दिघीला उतरला आणि रस्त्याकडेला ओकू लागला, तेव्हा पत्नीने पदराने त्याचे तोंड पुसले. दारू एकाएकी तुटली म्हणजे कंप सुटतो, क्वचित फेफरेही येते. असा मनुष्य वाटेत ताटकळत ठेवणे धोक्याचे असते, हे मी पुढे अनेक खातेप्रमुखांना जीव तोडून सांगितले.

तो दाखल झाला, बराही झाला. परंतु पाच-एक आठवड्यांच्या निवासानंतर पाठपुराव्याला जायचे, तर कंत्राटी माणसाची हजेरी बुडते आणि हजेरीबरोबर रोजही. तिथल्या सहचरींच्या, म्हणजे व्यसनींच्या पत्नींच्या, सभेला पत्नी एकटीच जाई. त्याला मोटारसायकलवर मागे बसवून नेई तो त्याच्याच खात्यातला, स्वतः दारू सोडलेला एक फिटर; ज्या आठवड्यात दोघांची पाळी जुळत नसे, त्या आठवड्यात ते जाणेही राही.

ऑगस्ट २०२४ पासून मेट्रो येरवड्यास थांबते, याचा मला मनापासून आनंद आहे. परंतु चाकणकराला ती गाठण्यासाठी आधी नाशिक फाट्यापर्यंत यावे लागते, आणि पाळी सुटण्याच्या वेळी मोशीपर्यंतच्या महामार्गावरील कोंडी ज्याने पाहिली आहे, त्याला अधिक सांगण्याची गरज नाही. कामगारांना फाटकाशी उतरवून कितीतरी बसगाड्या दुसऱ्या पाळीपर्यंत उभ्या असतात. त्यांतील एक आठवड्यातून एक दिवस येरवड्यापर्यंत सोडावी आणि त्या दिवसाची हजेरी भरावी, ही माझी दरखास्त निवृत्तीनंतरही मी कारखान्याकारखान्यांतून घेऊन फिरतो.