दुसरा प्रोसेसर जागा होईपर्यंत

सर्व्हरवर ऑपरेटिंग सिस्टीम टाकताना स्क्रीन मध्येच थिजली, की बहुतेक जण आधी पेनड्राइव्ह बदलतात. मी शेवटची ओळ वाचतो. यंत्राने अडण्यापूर्वी काय करायला घेतलं होतं, ते तिथे लिहिलेलं असतं. जळगाव आणि धुळ्यात दालमिल, पतपेढ्या, कॉलेजांचे सर्व्हर उभे करताना ही सवय उपयोगी पडते. इथे सुटा भाग मुंबई-पुण्याहून मागवावा लागतो. ‘बदलून बघू’ म्हणणं परवडत नाही. निदान आधी पक्कं हवं.

दोन प्रोसेसरच्या मशीनची अडचण वेगळी असते. पुण्यात सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा केला, तेव्हा त्यातल्या प्रत्येक ट्रान्सप्युटरला स्वतःची मेमरी होती. आपल्या सर्व्हरमध्ये मात्र सगळे प्रोसेसर एकाच मेमरीवर, एकाच सिस्टीमखाली काम करतात. डिस्कने हाक दिली तर ती कोणी घ्यायची, हे आधी ठरलेलं असावं लागतं. ही माहिती बायोस एका तक्त्यातून पुरवतं. त्याचा एक नमुना इंटेलने १९९४ मध्येच ठरवून दिला होता. पुढे ते काम एसीपीआय या मानकाकडे आलं. तक्ता चुकला, की डिस्कची हाक चुकीच्या पत्त्यावर पडलेल्या टपालासारखी जाते. सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, उत्तराची वाट पाहत बसतो आणि आपण म्हणतो, डिस्क खराब आहे.

म्हणून लिनक्स असेल तर मी बूटच्या ओळीत आधी फक्त ‘मॅक्ससीपीयूज’ १ करतो. इन्स्टॉलेशन पुढे सरकलं, तर संशय दुसऱ्या प्रोसेसरवर, त्याच्या सॉकेटवर किंवा त्याला मिळणाऱ्या विजेवर. नाही सरकलं, तर तो बदल काढून, डिस्कच्या हाका त्या तक्त्याप्रमाणे वाटणं थांबवणारा ‘नोएपिक’ हा शब्द देतो. आता गाडी सुटली तर तक्त्यावर बोट ठेवता येतं. दोन्ही बदल एकदम केले, तर मशीन सुरू होईलही, पण कशामुळे ते कधीच कळणार नाही. दुसरा प्रोसेसर काढून तपासायचं असेल, तर आजच्या बोर्डांवर त्याच्या बाजूची रॅमही दिसेनाशी होते. ती बिघडली असं समजू नये. मेमरी सगळ्यांची असली, तरी तेवढी रॅम त्याच प्रोसेसरच्या हाताखाली असते.

आणि खान्देशातलं ऊन! मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. कित्येक सर्व्हरच्या कागदपत्रांत आत घेतल्या जाणाऱ्या हवेची मर्यादा ३५ अंश लिहिलेली असते. गल्ल्यामागच्या बंद खोलीत भर दुपारी दोन्ही प्रोसेसर पूर्ण ताकदीने फायली उलगडू लागले, की मशीन कुठेही थांबतं, दर वेळी वेगळ्याच ओळीवर. ओळ बदलत राहिली तर मी सॉफ्टवेअर सोडतो आणि पंखे, रॅम, वीज, अर्थिंग याच क्रमाने बघतो. तेच इन्स्टॉलेशन पहाटे पार पडलं, तर उष्णतेवरचा संशय बळावतो.

मला खरी तळमळ आहे ती पुढच्या टप्प्याची. ‘व्हयनं का चालू, भाऊ?’ असं धुळ्याचा मालक विचारतो, स्क्रीनवर लॉगिन आलेलं असतं आणि काम संपल्यासारखं वाटतं. पण ‘मॅक्ससीपीयूज’ तसंच राहिलं असेल, तर त्याने पैसे मोजलेला दुसरा प्रोसेसर, आणि पहिल्याचे बाकीचे कोअरही, वर्षानुवर्षं नुसते बसून राहतात. लिनक्सने जून १९९६ मध्ये २.० आवृत्तीत अनेक प्रोसेसर वापरायला सुरुवात केली. एका वेळी एकाच प्रोसेसरला कर्नलमध्ये शिरू देणारं तेव्हाचं मोठं कुलूप पुरतं निघायला २०११ उजाडलं. इतक्या कष्टाने मिळालेली ताकद एका तात्पुरत्या शब्दाने बंद ठेवणं मला पटत नाही. तो शब्द निदानापुरता. दुरुस्ती म्हणजे बायोस अद्ययावत करणं, सॉकेट तपासणं, दोन्ही प्रोसेसर एकाच जातीचे आहेत का ते पाहणं, आणि मग तो शब्द पुसून पुन्हा बूट करणं.

सर्व्हर घेणाऱ्यांना एवढीच विनंती आहे. बिल देण्याआधी समोर ‘एनप्रॉक’ ही आज्ञा द्यायला सांगा. प्रत्येकी ८ कोअरचे दोन प्रोसेसर असतील तर १६ हा आकडा यायला हवा, हायपरथ्रेडिंग चालू असेल तर ३२. त्याहून कमी आला, मग तो ८ असो वा १, तर काम अजून बाकी आहे.