बाघ नदीपलीकडचं पूर्ण तिकीट

गोंदियाजवळच्या आमच्या बिरसीच्या डोक्यावरून दिवसभर शिकाऊ विमानं घिरट्या घालतात. धावपट्टी दुसऱ्या महायुद्धातली, इंग्रजांनी केलेली. विमान गावात, आणि लांजीला जायचं तर गाड्या बदलत जायचं!

सासूबाईंना लांजीच्या किल्ल्यातला ‘राजाचा वाडा’ पाहायचा होता. वय पंच्याहत्तरीपुढचं, त्यामुळे एसटीत त्यांचा प्रवास फुकट, माझं अर्धं तिकीट. गोंदिया, आमगाव करत आम्ही मजेत गेलो. पुढे बाघ नदी ओलांडली की मध्य प्रदेशातली खासगी बस. आईंनी ऐटीत आधार कार्ड पुढे केलं.

“वो उधर चलता है माताजी. इधर पूरी टिकट लगेगी.”

आई हटेनात. “अरे, मी तीच म्हातारी आहे ना? नदी ओलांडली म्हणून तरुण झाले का?” बस हसली. वाहकही हसला, पण पैसे घेतलेच. मी भांडले, आवाज चढवला. त्याचं चुकत नव्हतं हे मला कळत होतं. आमची सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरती, आणि खासगी मालकाला तिची भरपाई कोण देणार? मध्य प्रदेशानं तर आपलं परिवहन महामंडळ 2005 मध्येच गुंडाळलं. तरी राग गेला नाही, आजही जात नाही. कारण 1820-21 पर्यंत आमच्या भंडारा जिल्ह्याचा कारभारच या लांजीतून चालायचा. गोंदिया त्यातून वेगळा झाला तो 1999 मध्ये. आईंचं अर्धंअधिक आयुष्य भंडारा जिल्ह्यातच गेलं. ज्या गावातून आमच्यावर हुकूम सुटायचे, तिथे आम्ही आता परराज्यातले पाहुणे.

किल्ल्याबद्दल थोडक्यात सांगते. बुरूज आहेत, जाड तट आहे, वाढलेली झाडी आहे. वाडा म्हणावा असं मला काही दिसलं नाही. आई मात्र एका पडक्या भिंतीला हात लावून तिथेच बसल्या आणि राजाची बैठक कुठे असेल ते मला दाखवू लागल्या. लांजकाई देवीला नारळ फोडला तेव्हा कुठे उठल्या. दहा रुपयांसाठी भांडणारी बाई ती हीच का, असा प्रश्न मला पडला.

परतताना त्यांनी न बोलता पूर्ण तिकीट काढलं, माझंही.

तुम्ही जाणार असाल तर परतीची शेवटची गाडी उतरतानाच विचारून ठेवा. आणि दोन्ही राज्यांच्या आमदारांना एक विनंती आहे: म्हाताऱ्यांची सवलत निदान सीमेपलीकडच्या पहिल्या तालुक्याच्या गावापर्यंत तरी चालू द्या.