ऐकीव उपदेश आणि विजेची सायकल

कोणतीही नवी वस्तू घरी करावयास घेतली की पहिल्या दिवशी साहित्य येते आणि दुसऱ्या दिवसापासून उपदेश येऊ लागतात. साहित्यास पैसे पडतात, उपदेश फुकट मिळतो. म्हणूनच तो पारखून घेण्याचे कष्ट सहसा कोणी करीत नाही. गेल्या वर्षी आम्ही आमच्या जुन्या पोलादी सायकलीस विजेची मोटर घरच्या घरी बसविली. तिचे सुटे भाग एकत्र संचात मिळतात : हबमध्ये मोटर असलेले मागचे चाक, नियंत्रक, बॅटरी, चार्जर आणि वायरींचा जुडगा. बुलढाणा अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले. येथे कोठेही निघा, चढ चुकत नाही. साठी उलटलेल्या गुडघ्यांसाठी सायकल सोडावी, की सायकलीनेच थोडा भार उचलावा, एवढाच आमच्यापुढे प्रश्न होता.

न्यायशास्त्राने ज्ञानाची चार साधने मानली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्ताचा उपदेश. मराठीत आप्त म्हटले की सोयरेधायरे डोळ्यांपुढे येतात. परंतु शास्त्रातील आप्त निराळा. ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. आम्हांस मिळालेले चार उपदेश ह्याच कसोटीवर लावून पाहण्याचे आम्ही ठरविले.

पहिला उपदेश असा, की ‘घ्यावयाची तर हजार वॅटची मोटर घ्या, अडीचशेत घाट चढत नाही.’ येथे अनुमान कामास आले. स्वार व सायकल मिळून वजन शंभर किलो आणि शंभर फुटांस पाच फूट चढ धरला, तर ताशी १२ किलोमीटर वेगाने चढावयास सुमारे १९० वॅट शक्ती पुरते. त्यांतील पन्नास-साठ वॅट म्हाताऱ्याचे पायही देतात. राजूर घाटातील एका टप्प्यावर प्रत्यक्ष चढून पाहिले. वेग मंद, पण श्वास शाबूत. शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे, अर्ध्या तासाच्या चालीवर मोजलेली मोटरची शक्ती २५० वॅटच्या आत असेल, आणि ताशी २५ किलोमीटर वेगास पोहोचताच किंवा पायडल थांबताच तिचे साहाय्य बंद होत असेल, तर योग्य ब्रेक व परावर्तक लावलेली अशी सायकल मोटार वाहनांत गणली जात नाही. हजार वॅटच्या मोहाने ती सूट जाते, आणि नोंदणी, परवाना व विमा ह्यांचा फेरा मागे लागतो.

दुसरा उपदेश, ‘आसाचे नट घट्ट आवळले की झाले.’ मोटर चाकास पुढे फिरविते, तेव्हा तितक्याच जोराने आसास उलट फिरवू पाहते. नुसत्या नटाची पकड त्यास पुरते काय, हे पाहण्यासाठी आम्ही नातीच्या नेलपॉलिशने आसापासून चौकटीपर्यंत एक सरळ रेघ ओढली, आणि रोज तपासणी करीत जवळच्याच लहान चढावर आठ दिवस सायकल चालविली. आठव्या दिवशी रेघ तिळाएवढी तुटलेली दिसली. तीळ म्हणजे फार नव्हे. पण आस एकदा पुरता फिरला तर वायरी पिळवटतात आणि चाक जागेवरून निसटते. बाजारातील एका सायकल-मिस्त्रीने हे पहिल्याच दिवशी सांगितले होते. त्याने आसाच्या चपट्या बाजूंवर नेमकी बसेल अशी खाच पाडलेली जाड पोलादी पट्टी करून ती चौकटीस जखडून दिली. नंतरची रेघ आजतागायत अभंग आहे.

तिसरा उपदेश ब्रेकसंबंधी : ‘सायकल तीच, मग ब्रेकही तेच पुरतील.’ पहाटे निर्मनुष्य सपाट रस्त्यावर खडूची रेघ ओढून आम्ही मोजमाप केले. ताशी १० किलोमीटर वेगात सायकल दोन पावलांत थांबली. २० च्या वेगात सात पावले लागली. वेग दुप्पट झाला की थांबण्याचे अंतर चौपटीच्या घरात जाते, हे गणित शाळेत शिकविणे निराळे आणि पावलांनी मोजणे निराळे. मग पुढच्या पोलादी रिमवर तांब्याभर पाणी ओतून पुन्हा पाहिले, तो सोळा पावले! आपल्याकडे चार महिने पावसाचे. पुढचे चाक ॲल्युमिनियमच्या रिमचे घेऊन नवे ब्रेक-रबर बसविले, तेव्हा ओल्यात तेच अंतर दहा पावलांवर आले. मोटरीसाठी हौसेने पैसे काढणाऱ्याने ब्रेकसाठी आधी काढावेत.

चौथा उपदेश, ‘बॅटरी पूर्ण उतरल्याशिवाय चार्ज करू नका, आणि रात्रभर लावून ठेवा.’ ह्याची परीक्षा मात्र आम्ही घेतली नाही. विष खरे की खोटे हे चाखून ठरवीत नाहीत. येथे शब्दप्रमाणच श्रेष्ठ. पूर्ण उतरविण्याचा नियम जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीसाठी सांगितला जाई. लिथियम बॅटरी तळापर्यंत उतरविल्याने बिघडते, उष्णतेने लवकर म्हातारी होते, आणि क्वचित पेटली तर आवरत नाही. आमच्या कुटुंबाने रसायनशास्त्र न शिकताच निकाल दिला : “चुलीवर दूध ठेवून झोपायचे नाही.” तेव्हापासून बॅटरी उन्हातून आली की आधी निवते, मग दिवसाउजेडी, माणूस घरात जागे असताना, चार्ज होते.

ह्या विषयात दत्तात्रय लोहार ह्यांचे स्मरण होणे साहजिक आहे. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. तेथील ह्या कारागिराने भंगारातील भाग जुळवून, दुचाकीप्रमाणे किक मारून सुरू होणारी चारचाकी सुमारे साठ हजार रुपयांत उभी केली. डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्र ह्यांनी तिची जाहीर वाखाणणी केली. परंतु ती नियमांत बसत नाही, आज ना उद्या अधिकारी अडवतील, हेही त्यांनी त्याच दमात सांगितले, आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार ह्यांस मिळाली. कौतुक करावे, पण त्यासाठी सत्य झाकू नये. हितचिंतकाचा उपदेश असा असतो.

भाष्यकार वात्स्यायनांनी आप्ताचे लक्षण सांगताना स्पष्ट म्हटले आहे, की ते ऋषी, आर्य आणि म्लेच्छ ह्या सर्वांस सारखेच लागू आहे. जन्म आणि पोथी ह्यांवरून आप्तत्व ठरत नाही. आपल्या घरांतून हे भाष्य पिढ्यान्‌पिढ्या पढले गेले. परंतु लोखंडाविषयी लोहाराचे आणि चाकाविषयी मिस्त्रीचे मत घ्यावयाचे, तर आपण ते वरच्या पायरीवरून घेत आलो. आम्हांस मोटर अडीचशेच्या आत ठेवा म्हणणारा कोणी भेटला नाही; त्यासाठी गणित करावे लागले. परंतु पट्टीविषयी सांगणारा भेटला होता, आणि त्याचे शिक्षण चौथीपर्यंतचे होते. बैठकीत उपदेश करणाऱ्या सुशिक्षित मंडळींपैकी एकानेही पाना हाती धरलेला नव्हता.

तात्पर्य, उपदेश ऐकावा सर्वांचा. पण सांगणाऱ्यास एक प्रश्न अवश्य विचारावा : ‘हे आपण स्वतः केले आहे काय?’ उत्तर ‘होय’ आले, तर सांगणारा कोणीही असो, त्यास बसावयास पाट द्यावा.